प्रश्नावली की मुलाखत? मराठवाड्यात पहिल्यांदा फिल्डवर निघालेल्यांसाठी

समाजशास्त्र, समाजकार्य, ग्रामीण विकास, कोणत्याही विभागातले सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचे आराखडे, चाळा, एक वाक्य हमखास सापडतं : ‘प्रस्तुत संशोधनात तथ्य संकलनासाठी प्रश्नावली व मुलाखत या तंत्रांचा अवलंब केला जाईल.’ दोन्ही कशाला, आधी कोणतं, कुणासाठी कोणतं, याचा त्यात पत्ता नसतो. पुढे प्रबंधात गुण-दोषांची यादी येते. प्रश्नावली स्वस्त, मुलाखत खर्चिक. प्रश्नावली वस्तुनिष्ठ, मुलाखत व्यक्तिनिष्ठ. परीक्षेत याला मार्क मिळतात आणि यातलं खोटंही काही नाही. पण बीड जिल्ह्यातल्या धारूर किंवा वडवणी तालुक्यातल्या एखाद्या ओट्यावर जाऊन बसलं की ही यादी अपुरी पडते. तिथं उत्तर कसं येणार हे दोन गोष्टींवर ठरतं : तुम्ही कशासाठी आलात असं समोरच्याला वाटतंय, आणि शेजारी कोण ऐकत बसलंय. साधन निवडायचं ते या दोन गोष्टी धरून.

सगळं हवेत राहू नये म्हणून एकच विषय घेऊन चालू : बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आणि त्यांची उचल. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कारखाने सुरू होण्याआधी मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा माणूस, या जोडीला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. मग दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड गाडीत भरून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं आणि तोडलेल्या उसाच्या हिशेबातून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. तुमचा विषय सोयाबीन, शाळागळती किंवा बचत गट असला तरी पायऱ्या याच.

## पहिली पायरी : प्रश्न कागदावर फोडा

कोऱ्या कागदावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे ‘किती, कोण, केव्हा’चे प्रश्न लिहा, उजवीकडे ‘कसं, कुणाच्या सांगण्यावरून, मग काय झालं’चे.

एका कोयत्याला किती उचल मिळते, किती कुटुंबं पोरांना सोबत नेतात, किती जणांकडे बाकी राहते, हे डावीकडे. मुलीला सोबत न्यायचं की आजीजवळ ठेवायचं हे घरात कसं ठरतं, मुकादम बदलायचा झाला तर काय काय आडवं येतं, हे उजवीकडे. डावा रकाना प्रश्नावलीचा, उजवा मुलाखतीचा. एखादा रकाना रिकामा राहिला तर ते साधन वापरू नका. दोन्ही वापरलीच पाहिजेत असा विद्यापीठाचा नियम नाही, तो आपल्याकडे पडलेला पायंडा आहे.

काही प्रश्न कुणालाच विचारायचे नसतात. गावची लोकसंख्या जनगणनेत मिळते, शाळेचा पट आणि हजेरी मुख्याध्यापकांकडे, जमिनीचं क्षेत्र सातबाऱ्यावर. जे कागदावर आहे त्यासाठी माणसाचा वेळ खाऊ नये.

## दुसरी पायरी : उत्तर लिहिणार कोण, हे ठरवा

आपण ज्याला सरसकट प्रश्नावली म्हणतो त्याचे निदान तीन प्रकार आहेत आणि तिघांची दुखणी वेगळी आहेत.

उत्तरदाता स्वतः वाचून भरतो ती खरी प्रश्नावली. शिक्षक, नर्स, कॉलेजची मुलं, बँकेतले कर्मचारी यांच्यासाठी ती उत्तम. भरताना समोर कुणी बसलेलं नसतं, नाव लिहावं लागत नाही, त्यामुळे अडचणीच्या प्रश्नावरही माणूस खरं लिहिण्याची शक्यता वाढते. वसतिगृहातल्या मुलींना छेडछाडीबद्दल विचारायचं असेल तर समोरासमोरच्या मुलाखतीपेक्षा बंद पाकिटात परत येणारा कागद बरा.

तुम्ही प्रश्न वाचून दाखवता आणि उत्तर तुम्हीच लिहिता ती अनुसूची. खेड्यात जवळजवळ नेहमी हीच लागते. मग ‘प्रश्नावलीत संशोधकाचा प्रभाव पडत नाही’ हा पुस्तकातला गुण आपोआप बाद होतो, कारण तुम्ही तर समोरच बसलेले असता. प्रबंधात अनुसूची वापरून प्रश्नावलीचे गुण लिहिलेले सर्रास दिसतात. व्हायव्हाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, एखादे खमके बहिस्थ परीक्षक आले की नेमकं यावरच धरतात.

तिसरा प्रकार गूगल फॉर्म. करोनानंतर याचं पेव फुटलं. एका रात्रीत दीडशे उत्तरं येतात, एक्सेलमध्ये आपोआप बसतात, आणि ती सगळी असतात तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या मित्रांची आणि त्यांच्या मित्रांची. जास्त उत्तरं म्हणजे चांगला नमुना (सगळ्यांच्या वतीनं निवडलेली मोजकी माणसं), हा भ्रम जुनाच आहे. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवली. त्यातली चोवीस लाखांच्या आसपास परत आली. त्यावरून त्यांनी रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं सांगितलं, आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारगाड्यांच्या नोंदणीतून. मंदीच्या त्या काळात फोन आणि गाडी कुणाकडे असणार? शिवाय पत्र परत पाठवण्याची तसदी घेणारे कोण, हाही प्रश्न होताच. ऊसतोड कुटुंबांवर गूगल फॉर्म फिरवला तर तो भरेल त्या घरातला कॉलेजला जाणारा मुलगा. त्याच्या आईचं म्हणणं त्यात कुठं येणार?

## तिसरी पायरी : माणसं गावात कधी असतात ते पाहा

विद्यापीठाचं वेळापत्रक आणि गावाचं वेळापत्रक जुळत नाही. सिनॉप्सिस मंजूर होऊन तुम्ही डिसेंबरात गावात गेलात तर म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि कुलपं भेटतील. ऊसतोडीचा अभ्यास गावात करायचा तर मे ते सप्टेंबर. याच काळात नव्या हंगामाच्या उचलीची बोलणी चालतात, त्यामुळे विषय लोकांच्या डोक्यात असतो. हंगामातच करायचा असेल तर कारखान्यावरच्या कोप्यांवर, म्हणजे तोडणाऱ्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, जा, पण तिथं दिवसभर तोड आणि रात्री-अपरात्री गाडी भरणं चालू असतं. दीड तासाची मुलाखत तिथं मागणं हा अन्याय आहे.

शेतकऱ्यांच्या बाबतीत पेरणीचा आणि काढणीचा पंधरवडा सोडा. बायकांशी बोलायचं तर दुपारी दोन ते चार, किंवा सरळ शेतात जाऊन खुरपणाऱ्या बायांबरोबर बसा. हात कामात असले की तोंड मोकळं चालतं.

## चौथी पायरी : गावात शिरताना

विभागप्रमुखांचं पत्र खिशात असू द्या, ग्रामसेवक आणि सरपंचांना भेटा, पण त्यांच्यासोबत घरोघरी फिरू नका. सरपंच बरोबर असले की गाव आदर्श होतं. आशाताई किंवा अंगणवाडीताई वाट दाखवायला उत्तम, पण आरोग्याचे प्रश्न विचारताना त्यांनाच शेजारी बसवलं तर बाई सगळी तपासणी वेळेवर झाल्याचं सांगते, कारण नोंद ठेवणारी समोर बसलेली असते. आणि उचलीबद्दल विचारताना सोबतचा माणूस मुकादमाच्या नात्यातला तर नाही ना, याची चौकशी आधी दुसरीकडे करा.

गावात पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जाईल : ‘कोणतं गाव? आडनाव काय?’ याचा अर्थ तुम्हाला कळतो आणि त्यांनाही कळतो. या उत्तरावरून पुढच्या तासाभराची भाषा ठरते. ते टाळता येत नाही, लपवूही नये. पण आडनावाचा फरक पडतो हे गृहीत धरून शक्य असेल तिथं दोन वेगवेगळ्या समाजांतल्या, आणि एक तरी मुलगी असेल अशा, प्रश्नकर्त्यांमध्ये घरं वाटून घ्या. नंतर दोघांच्या उत्तरांत ठळक फरक दिसला तर तोही एक निष्कर्षच आहे, दडपू नका.

दुसरा प्रश्न येतो : ‘याच्यातून आमाला काय भेटल?’ कागद घेऊन येणारा माणूस म्हणजे योजना, पंचनामा किंवा सर्वेक्षण, असा अनुभव लोकांना आहे. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाचं मराठा आणि खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबांचं सर्वेक्षण घरोघरी झालं. त्यानंतर जमीन, नोकरी, शिक्षण हे प्रश्न विचारणारा प्रत्येक जण आरक्षणासाठीच आलाय असं वाटणं साहजिक आहे. म्हणून पहिल्याच मिनिटाला स्पष्ट सांगा : मी विद्यार्थी आहे, यातून पैसे किंवा योजना मिळणार नाही, नाव कुठं छापणार नाही, नको वाटला तो प्रश्न सोडून द्या, मधेच उठलात तरी चालेल. आधार कार्ड मागू नका. अंगठा तर मुळीच घेऊ नका, अंगठ्यानं कुणाची जमीन गेली याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. तोंडी होकार पुरतो, तो तारखेसह वहीत नोंदवा.

## पाचवी पायरी : फॉर्म छापण्याआधी थोड्या मुलाखती

इथं बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी चाळीस प्रश्नांचा फॉर्म, मग वेळ उरला तर ‘काही निवडक मुलाखती’. खरं तर आधी पाच-सात माणसांशी मोकळं बोला. त्यात एक मुकादम, एखादी एकटी बाई, एक ऊसतोड सोडलेलं कुटुंब, एखाद्या तांड्यावरचं घर असू द्या. प्रश्नांची यादी नेऊ नका, आठ-दहा मुद्दे नेले की पुष्कळ झाले. नमुन्यादाखल, संभाषण साधारण असं चालतं :

‘मावशी, यंदा जायचं कसं ठरलं?’

‘ठरायचं काय त्यात. उचल घेतली म्हणून जायचं.’

‘आन् उचल घ्यायचं?’

‘पोरीचं लगीन होतं ना बाई. मुकादम आपल्याच भावकीतला. म्हणला, काढा तारीख, मी हाये.’

‘मग?’

‘मग काय, निम्मे मागच्या बाकीत वळते केले. उरले ते लग्नात गेले. यांच्याच हातात दिले त्यानं, म्या तर बघितले बी नाहीत.’

या सहा ओळींत तुमचा फॉर्म बदलला. ‘तुम्हाला किती उचल मिळाली?’ हा प्रश्न आता चालणार नाही. उचल ठरली किती, त्यातली जुन्या बाकीत वळती किती झाली, रोख किती आली, आणि ती कुणाच्या हातात पडली, असे चार प्रश्न झाले. घरात बसून हे सुचलं नसतं. प्रश्नावलीचा सर्वांत मोठा दोष हाच आहे : तुम्ही जे विचारायचं विसरलात ते ती कधीच सांगत नाही. आणि रकाने तर व्यवस्थित भरलेले असतात, त्यामुळे काही राहिलंय याची शंकाही येत नाही.

प्रश्नकर्ता वर काय करतोय तेही पाहा. ‘का?’ असं एकदाही विचारलेलं नाही. ‘का घेतली उचल?’ म्हटलं की माणूस सफाई द्यायला लागतो. ‘कसं ठरलं’, ‘मग’, ‘म्हणजे कसं’ यावर गोष्ट पुढं सरकते. मावशी गप्प झाली तर तुम्हीही गप्प बसा. नवशिक्याला ती शांतता सोसत नाही आणि तो पुढचा प्रश्न टाकून मोकळा होतो.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं तर विचारून. नाही म्हणाले तर वही काढा, वहीलाही बिचकले तर नुसतं ऐका आणि एसटीत बसल्यावर लिहून काढा. रेकॉर्डिंग बंद केल्यावर, चहा होताना, उंबऱ्याशी निरोप घेताना पुष्कळदा खरी गोष्ट निघते. ती वापरायची तर परत परवानगी घ्या.

भाषेचं एक सांगून ठेवतो. नांदेड, परभणी, संभाजीनगरच्या मुस्लिम वस्त्यांत दखनी, तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी, देगलूरकडे तेलुगू, उमरग्याकडे कन्नड कानावर पडते. लोक मराठीत उत्तर देतात, पण भांडण, आजारपण, लाज या गोष्टी आपापल्या भाषेत सांगतात. दुभाषा घेतलात तर उत्तर कुणाचं आणि दुभाष्याचं किती, हे लिहिताना विसरू नका. आणि उतरवून काढताना बोली साफ करू नका. ‘पिशवी काढली’ हे ‘गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया केली’ असं लिहिलंत की बोलणाऱ्या बाईची अर्धी गोष्ट गेली.

## सहावी पायरी : फॉर्म बनवणं

सगळ्यांत जास्त वेळ इथं घाला.

आठवण. ‘गेल्या वर्षी किती दिवस काम केलं?’ याला खरं उत्तर नसतं. ‘दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत कुठं होतात? दिवाळी ते संक्रांत? संक्रांत ते पाडवा?’ असे तुकडे पाडा. वयाचंही तसंच. जनगणनेच्या तक्त्यांत ० आणि ५ वर संपणारी वयं नेहमी फुगलेली दिसतात, कारण लोक अंदाजानं चाळीस, पंचेचाळीस सांगतात. ‘किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा केवढे होता? शाळेत होता का?’ असं विचारलं की १९९३ वरून हिशेब लागतो. म्हाताऱ्या माणसांना बाहत्तरचा दुष्काळ विचारा. किती दिवसांमागचं विचारायचं ही किरकोळ बाब वाटते, पण तिनं देशाचा गरिबीचा आकडा वादात सापडलेला आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२००० च्या फेरीत अन्नावरचा खर्च त्याच घरांना सात दिवसांचाही विचारला आणि तीस दिवसांचाही. एका उत्तराची सावली दुसऱ्यावर पडली, आणि आधीच्या फेऱ्यांशी तुलना करून गरिबी किती घटली यावर अर्थतज्ज्ञांचे वाद झडले.

मापं. सोयाबीनचं उत्पन्न कुणी हेक्टरी सांगत नाही. ‘बॅगला आठ क्विंटल झालं’ असं सांगतात, म्हणजे बियाण्याच्या एका बॅगमागे. बॅग किती किलोची आणि ती किती रानात पेरली हे विचारल्याशिवाय तो आकडा बिनकामाचा. सावकारी व्याजाचं याहून अवघड. ‘शेकडा तीन’ म्हणजे महिन्याला शंभराला तीन रुपये, वर्षाला ३६ टक्के. शहरातून आलेला विद्यार्थी फॉर्ममध्ये ३ टक्के लिहितो आणि प्रबंधात खाजगी सावकार बँकेपेक्षा स्वस्त ठरतो.

उत्पन्न. ‘वार्षिक उत्पन्न किती?’ विचारलं की तहसीलचा दाखला डोळ्यांपुढं येतो. पिवळ्या रेशन कार्डासाठी वार्षिक १५ हजारांची आणि केशरीसाठी एक लाखाची मर्यादा लोकांच्या चांगली ध्यानात आहे. त्यामुळे उत्तर त्या रेषेच्या खालीच येतं. हे खोटं बोलणं नाही, फॉर्म बघून केलेली सावधगिरी आहे. उत्पन्न थेट न विचारता कामाचे दिवस, मजुरी, विकलेला माल, गेल्या वर्षातले मोठे खर्च विचारा आणि बेरीज घरी करा.

दुहेरी आणि सूचक प्रश्न. ‘मुकादम वेळेवर आणि पूर्ण पैसे देतो का?’ यात दोन प्रश्न आहेत. ‘स्थलांतरामुळे मुलांच्या शिक्षणाचं नुकसान होतं असं तुम्हाला वाटतं का?’ यात उत्तर आधीच दिलंय. याऐवजी ‘मागच्या हंगामात धाकटा कुठं होता? किती महिने शाळेत गेला?’ एवढं पुरे.

मतं मोजणं. लायकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची मोजपट्टी आपल्याकडे डोळे झाकून वापरतात. ‘पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ...’ हे खेड्यात वाचून दाखवा, समोरची बाई प्रत्येक वाक्याला ‘हाव, बरोबर हाये’ म्हणेल. पाहुण्याला नाही कशाला म्हणायचं? त्यापेक्षा दोन बायांची मतं सांगा : ‘एक म्हणते, पोरीला सोबत न्यावं, नजरेसमोर राहते. दुसरी म्हणते, आजीजवळ ठेवावं, शाळा तरी होते. तुम्हाला कुणाचं पटतं?’ आता दोन्हीकडं कौल द्यायला वाट मोकळी आहे.

आणि ज्या गोष्टींत लोक म्हणतात एक आणि करतात दुसरं, तिथं मत विचारूच नका. लापिएर हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ १९३० च्या सुमारास एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर फिरले. त्या काळी तिथं चिनी माणसांविरुद्ध उघड द्वेष होता. अडीचशे हॉटेलं-खाणावळींपैकी एका ठिकाणी तेवढा नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना प्रश्नावली पाठवून ‘चिनी गिऱ्हाईक घ्याल का’ असं विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी नाही लिहिलं. आपल्याकडे गणित उलटं बसतं. ‘गावात जातिभेद आहे का?’ याला चावडीवर एकच उत्तर मिळतं, ‘आमच्या गावात असलं काही नाही.’ त्याऐवजी पाणी कुठून भरता, दुष्काळात टँकर कुठं रिकामा होतो, मागच्या लग्नात पंगतीला कुणाकुणाकडे गेलात, असं घडलेलं विचारा.

प्रश्नांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे ठेवा. जात, उत्पन्न, कर्ज शेवटी. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या वर गेलात तर शेवटच्या पानावरची उत्तरं ‘टाका काय टाकायचं ते’ या जातीची असतात. ‘माहीत नाही’, ‘सांगितलं नाही’ आणि ‘लागू नाही’ यांना तीन वेगळे संकेतांक द्या. एकाच शून्यात तिन्ही कोंबले की नंतर सोडवता येत नाहीत.

## सातवी पायरी : पूर्वचाचणी

नमुन्यात नसलेल्या शेजारच्या गावात दहा-बारा घरी फॉर्म भरून पाहा. उत्तरं नंतर पाहा, आधी चेहरे पाहा. कुठं ‘म्हंजी?’ असा प्रतिप्रश्न आला, कुठं हसले, कुठं आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला, ते समासात टिपा. जिथं तुम्हाला प्रश्न दुसऱ्या शब्दांत सांगावा लागला तो प्रश्न पुन्हा लिहायचा.

नमुन्याच्या आकाराबद्दल एवढंच. ३८४ घरं हा जादूचा आकडा सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो ९५ टक्के विश्वासपातळी आणि अधिक-उणे ५ टक्के चुकीसाठीचा आहे, तोही प्रत्येक घराला निवडलं जाण्याची समान संधी असेल तर. रस्त्यालगतची, ओळखीची ३८४ घरं घेतलीत तर तो आकडा काहीच सिद्ध करत नाही. यादी मिळवून चिठ्ठ्या टाकलेली १२० घरं त्याहून चांगली.

## काही विषयांना फॉर्म लावूच नये

शेतकरी आत्महत्या झालेल्या घरी अनुसूची घेऊन जाणारे विद्यार्थी दरवर्षी दिसतात. अशा घराला शासनाची एक लाखाची मदत मिळते, पण प्रकरण समितीपुढं जाऊन ‘पात्र’ ठरलं तर. त्यासाठी कर्ज कुणाचं, थकलं होतं का, जमीन कुणाच्या नावावर, हे पाहिलं जातं. त्यामुळे त्या घरानं तीच हकीकत तलाठ्याला, पोलिसांना, पत्रकारांना सांगितलेली असते आणि ती तशीच पाठ झालेली असते. तुमच्या फॉर्मात तीच उतरेल. जायचंच असेल तर मार्गदर्शकांशी बोलून, ओळखीच्या माणसातर्फे, दोन-तीन भेटींची तयारी ठेवून, आणि बोलणं नकोसं झालं तर वही मिटण्याची तयारी ठेवून जा.

उलट, नुसत्या मुलाखतींनी भागत नाही असेही विषय आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशवी काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, शासनानं समिती नेमली, जिल्ह्यात सर्वेक्षण झालं. एकेका बाईची कहाणी अंगावर येते, पण ‘अशा किती?’ याला कहाणी उत्तर देत नाही. तिथं मोजावंच लागतं. आणि मोजल्यावर परत जावं लागतं, कारण ‘पिशवी काढली : होय’ या खुणेत डॉक्टर काय म्हणाला, खाडा पडला की किती कापतात, ऑपरेशनचे पैसे कुणी उचलून दिले, यातलं काही नसतं.

## आठवी पायरी : आकडे हाती आल्यावर परत मुलाखत

टेबलं झाली की चक्रावून टाकणारे दोन-तीन आकडे निवडा. समजा, ज्या घरांत पाच एकरांवर कोरडवाहू रान आहे तीही तेवढीच उचल घेतायत असं दिसलं. यावर ‘यावरून असे दिसून येते की’ असं लिहून पुढं जाऊ नका, त्यांतल्या चार-पाच घरी परत जा. दुसऱ्या भेटीत माणसं जास्त बोलतात, कारण फॉर्म भरून गेलेला पोरगा परत आलाय हेच त्यांना नवल वाटतं.

मुलाखतींची मर्यादाही इथंच सांभाळायची. ‘बारापैकी नऊ जणींनी म्हणजे ७५ टक्के महिलांनी’ असं लिहू नका. बारा जणींवरून टक्केवारी काढायची नसते, नऊ जणी काय म्हणाल्या आणि उरलेल्या तिघी वेगळं का म्हणाल्या ते लिहायचं असतं. बोलक्या माणसांकडेच आपला ओढा असतो, हेही ध्यानात ठेवा. दारातूनच परत पाठवणारी बाई तुमच्या मुलाखतीत येत नाही, फॉर्मात निदान ‘नकार’ म्हणून तरी मोजली जाते. आणि वेळ धरा : तासभराचं बोलणं उतरवून काढायला पाच-सहा तास सहज जातात.

## नववी पायरी : तपासणी आणि लिखाण

फॉर्म त्याच संध्याकाळी, गाव सोडण्याआधी तपासा. राहिलेला रकाना लगेच भरून घेता येतो, पंधरा दिवसांनी आठवणीवर भरला तर तो तुमचा, उत्तरदात्याचा नाही. कट्ट्यावर बसून भरलेले फॉर्म ओळखणं अवघड नसतं : ‘माहीत नाही’ एकदाही येत नाही, वयं नीटनेटकी असतात, सगळ्यांची मतं शासनाच्या योजनांबद्दल समाधानी असतात. मित्रांना पैसे देऊन फॉर्म भरून घेणार असाल तर दहातल्या एका घरी स्वतः जाऊन दोन प्रश्न पुन्हा विचारा.

नावं काढून संकेतांक देणं पुरत नाही. चाळीस घरांच्या तांड्यातली ‘४५ वर्षांची विधवा, दोन मुली, मुकादमाशी वाद’ ही कोण, हे सगळ्या तालुक्याला कळतं. गावाचं नाव बदला, वय पाच-दहाच्या गटात द्या, ओळख पटवणारा एखादा तपशील सोडून द्या.

पद्धतीच्या प्रकरणात गुण-दोषांची यादी उतरवण्याऐवजी तुम्ही काय केलं ते लिहा. किती घरी गेलात, किती कुलूपबंद होती, किती जणांनी नाही म्हटलं, कोणते प्रश्न मराठीतून गोरमाटीत कुणी सांगितले, किती बायकांच्या मुलाखतीत सासू किंवा नवरा बसून होता. या शेवटच्या गोष्टीसाठी फॉर्मच्या तळाशी एक ओळ आधीच छापून ठेवा : ‘मुलाखतीच्या वेळी हजर इतर व्यक्ती’. विश्लेषणात त्या रकान्यानुसार उत्तरं वेगळी काढून पाहा. परिशिष्टात अंतिम अनुसूचीबरोबर पहिला मसुदाही जोडा, आणि बदललेल्या प्रश्नांपुढे का बदलला ते पेन्सिलीनं नव्हे, टाइप करून लिहा.